हिरालालची बॉर्डर सरकली

पुलगावहून नाचणगावात शिरलं की उजव्या हाताला हिरालालचं किराणा दुकान लागायचं. दुकानापुढे ओटा, ओट्यावर सकाळी सातपासून चार-पाच माणसं, आणि आत गादीवर स्वतः हिरालाल. उंचापुरा, अंगानं भरलेला गडी. आवाज असा की साबुदाण्याचा भाव इथे सांगितला तर पलीकडच्या गल्लीतली बाई पिशवी घेऊन निघायची. चाळिशी उलटली तरी हा माणूस दवाखान्यात गेला तो फक्त दुसऱ्याला डबा द्यायला. ताप नाही, खोकला नाही, कंबर धरणं नाही. ब्याण्णव की त्र्याण्णव साली तुरीचा कट्टा, अख्खं पोतं, पायावर पडून अंगठ्याचं नख काळं झालं होतं, तेवढीच त्याची वैद्यकीय हकीकत. नख परत आलं, तरी ते सांगणं संपलं नव्हतं.

याचं त्याला मनातून वाईट वाटायचं. कारण ओट्यावरच्या गप्पा आजाराशिवाय सुरूच होत नसत. बाबाराव हे निवृत्त पोस्टमन. त्यांना शुगर होती, तीही जुनी. आपली फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते यायचे आणि रोज त्यातला एखादा कागद काढून मोठ्यानं वाचायचे. नोकरीत असताना गावाची पत्रं वाचून दाखवायची सवय होती, ती अशी कामाला आली. हरिदास हा देवळीच्या तहसिलीत बाबू. त्याला बीपी. तरुणपणी नामांतराच्या मोर्चात त्यानं लाठ्या खाल्ल्या होत्या, पण त्याबद्दल तो अवाक्षर काढत नसे. बीपीच्या गोळीवर मात्र तासभर बोलायचा. आणि हिरालालजवळ सांगायला काय, तर एक नख.

अठ्ठ्याण्णव साली गावच्या शाळेत आरोग्य शिबिर लागलं. एका ट्रस्टची गाडी आली, टेबलं मांडली, आणि उपाशी पोटी येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला टोचून शुगर तपासायला लागली. हिरालाल पहाटेच अंघोळ करून रांगेत सगळ्यात पुढे उभा. यंत्रानं आकडा दाखवला, एकशे चार.

"एकदम नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "एकशे दहापर्यंत चालतं."

"म्हंजे सहाच कमी पडले?" हिरालालनं विचारलं.

डॉक्टरांना वाटलं माणूस थट्टेखोर आहे. ते हसले. हिरालाल हसला नाही. पण घरी येईपर्यंत त्यानं मनाची समजूत घातली. नॉर्मल तर नॉर्मल. निदान कागद तरी मिळाला. ती चिठ्ठी त्यानं पुलगावला जाऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणली आणि दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगली. पुढची सहा वर्षं बाबारावांनी फाईल उघडली की हिरालाल भिंतीकडे बोट दाखवून म्हणायचा, "आपली एकशे चार. डॉक्टरनं लिहून देल्ली."

दोन हजार चार साल उजाडलं. पुन्हा तीच गाडी, तीच शाळा, तीच टेबलं. या खेपेला बोट टोचायला एक पंचविशीची, नुकतीच शिकून निघालेली डॉक्टरीण होती. आचल मॅडम. हिरालालनं बोट पुढे केलं. यंत्रानं आकडा दाखवला, एकशे चार.

"पाह्या!" हिरालाल रांगेकडे वळून म्हणाला. "सहा वर्षांत एक पॉइंट इकडचा तिकडं नाई."

आचल मॅडमनं मान वर केली. "काका, तुम्ही बॉर्डरवर आहात."

"कोणच्या?"

"शुगरच्या. अजून मधुमेह नाही. पण काळजी घ्यायला हवी."

"मॅडम, तुमचा काही घोटाळा होऊन राह्यला. एकशे चार म्हंजे नॉर्मल. माह्या दुकानात टांगून हाय."

"तेव्हा एकशे दहाची रेषा होती, काका. आता शंभर धरतात. गेल्याच वर्षी बदललं."

हिरालाल खुर्चीतून उठला नाही. मागच्यांनी आवाज दिले, तरी उठला नाही. "म्हंजे मी हाओ तिथंच हाओ, अन् रेषा सरकली?"

"हो."

"कोणं सरकवली?"

"अमेरिकेत तज्ज्ञांची एक समिती असते..."

"त्यायनं मले विचारलं काय?"

आचल मॅडमच्या शिक्षणात हा प्रश्न आला नव्हता. त्या सकाळी नाचणगावातली एकेचाळीस माणसं अशीच बसल्या जागी बॉर्डरवर गेली.

आता कुणी म्हणेल, याला इतकी वर्षं आजार हवाच होता, मग मिळाला तर कुरकुर कशाला? पण बॉर्डर म्हणजे धड आजारही नाही. बाबारावांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "शेठ, तुमी उमेदवार हा. आमी निवडून आलेले." पक्क्या शुगरवाल्याला मान होता, गोळी होती, फाईल होती. बॉर्डरवाल्याला नुसती बंदी.

आणि ती बंदी घरात कौशल्याबाईनं लागू केली. बावीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याची शुश्रूषा करायला मिळाली नव्हती. इतर बायका लग्नाकार्यात ऐटीत सांगायच्या, "आमच्या यायले तिखट नाई चालत", "आमच्या यायले गोळीशिवाय झोप नाई". कौशल्याबाई गप्प बसायची, कारण तिच्या 'यायले' सगळंच चालायचं. आता तिनं बावीस वर्षांची भरपाई सुरू केली. सकाळी कारल्याचा रस. दुपारी भिजवलेले मेथीदाणे. संध्याकाळी जांभळाच्या बियांची भुकटी. पाणी प्यायला विजयसार लाकडाचा पेला, ज्यातलं पाणी चहासारखं दिसायचं आणि लाकडासारखं लागायचं. चहातली साखर गेली, आणि वर्ध्याहून येणारा गाईच्या तुपातला गोड, खुसखुशीत गोरसपाक, ज्याच्यावर हिरालालचा जीव होता, तो तिनं पाहुण्यांसाठी कुलपात टाकला.

"अवं, मी दुकानदार होय," हिरालाल कळवळून म्हणाला. "दिवसभर साखरेच्या कट्ट्याले टेकून बसतो."

"टेकून बसा. चाटू नोका," कौशल्याबाई म्हणाली, आणि माठातून पेलाभर पाणी काढून घटाघट प्यायली. "बाप्पा, किती तहान लागते! यंदा ऊनच वंगाळ."

एका लग्नात तर कहर झाला. पंगत बसली, वाढपी बुंदी घेऊन आला, आणि यजमान मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, "शेठले बुंदी नको बे देऊ! शेठ बॉर्डरवर हायेत!" तीनशे माणसांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "मिलिट्रीत हाये काय?"

हेही हिरालालनं सोसलं असतं. पण त्याच महिन्यात मयुरीच्या स्थळाचं निघालं. मयुरी त्याची एकुलती मुलगी, बी.ए. झालेली. हिंगणघाटचा योगेंद्र नावाचा शिक्षक मुलगा तिला बघून गेला होता. मुलगा पसंत, मुलगी पसंत. मग आठ दिवस काहीच निरोप नाही, आणि नवव्या दिवशी मध्यस्थ येऊन ओट्यावर बसला आणि चपलेच्या अंगठ्याशी खेळत म्हणाला, "बाकी सारं ठीक हाय, शेठ. पण त्यायच्या कानावर आलं का घराण्यात शुगर हाय."

"शुगर नाई, बॉर्डर!" हिरालाल ओरडला.

"तेच म्हणून राह्यलो. ते म्हणते, बापाची बॉर्डर तं पोरीचं काय."

आतून मयुरी बाहेर आली. ती फारशी कुणापुढे बोलत नसे. "काका," ती मध्यस्थाला म्हणाली, "त्यायनं मले पाह्यलं का बाबाचं रक्त पाह्यलं?" आणि परत आत गेली.

हिरालालनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. तो थेट हरिदासच्या घरी गेला. हरिदास आणि त्याची बायको जिजाबाई अंगणात शेंगा निवडत होती.

"हरिदासभाऊ," हिरालाल बसायच्या आधीच बोलायला लागला, "वजनमापवाले साहेब दरसाल येते का नाई? माह्या किलोच्या मापावर ठसा मारते का नाई? उद्या मी ते माप नऊशे ग्रामचं करून ठेवलं अन् गिऱ्हाइकाले म्हटलं, बाई, गेल्या वर्षीपासून किलो एवढाच धरते, तं?"

"तं तुमी आत जान."

"मंग इथं काऊन कोणी आत नाई गेलं? माप बदललं. ठसा नाई. नोटीस नाई. मी झोपलो तवा चांगला होतो, उठलो तं बॉर्डरवर!"

हरिदासनं शेंग खाली ठेवली. खरं तर तो इतकी वर्षं बीपीची गोळी घेत होता ती कंटाळून. मोर्चे थांबले, घोषणा थांबल्या, तहसिलीत फाइली सरकवता सरकवता अंगातली सारी धग बसून गेली होती. आता त्याचे डोळे चमकले.

"निवेदन द्या लागते," तो म्हणाला. "पण एकट्याचं निवेदन टोपलीत जाते. समिती पाह्यजे."

अशा रीतीनं 'बॉर्डरपीडित संघर्ष समिती, नाचणगाव' जन्माला आली. पहिली सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. अध्यक्ष हिरालाल, सचिव हरिदास, आणि बाबाराव निमंत्रित, कारण त्यांना बॉर्डर ओलांडल्याचा अनुभव होता. हरिदासनं मागण्या लिहिल्या. एक, रेषा पूर्ववत एकशे दहावर नेण्यात यावी. दोन, ते शक्य नसल्यास ज्यांची तपासणी जुन्या रेषेवर झाली त्यांना आजन्म जुनीच रेषा लागू राहावी. तीन, यापुढे रेषा सरकवण्याआधी गावात पंधरा दिवस दवंडी देण्यात यावी.

दुसऱ्या सभेत फूट पडली. कुणीतरी सुचवलं की तडजोड म्हणून एकशे पाच मागावे. लगेच एकशे चारपर्यंतचे "चालते, चालते" म्हणायला लागले आणि एकशे सहा ते नऊवाले उठून उभे राहिले. "म्हंजे तुमी सुटले अन् आमी लटकलो!" एकशे आठचा एक गडी अध्यक्षांना म्हणाला, "शेठ, तुमी आपल्या पुरतं पाहून राह्यले." एकजण म्हणाला, रेषा राहू द्या, पण बॉर्डरवाल्यांना एस.टी.त सवलत मिळाली पाहिजे. त्याला दोन्ही गटांनी मिळून खाली बसवलं.

तिसऱ्या सभेला बिनसाखरेचा चहा घेऊन कौशल्याबाई आणि जिजाबाई आल्या. कपबशा वाटून झाल्या, तरी दोघी गेल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या.

"काही सांगायचं हाये काय?" हिरालालनं विचारलं.

"हाव," जिजाबाई म्हणाली. "यादीत बाईचं एक बी नाव नाई. काऊन?"

सगळ्यांनी यादी पाहिली. खरंच एकही नव्हतं.

"बायायले बॉर्डर होत नसन," बाबाराव म्हणाले.

"होत नाई का पाह्यलीच नाई?" जिजाबाई म्हणाली. "शिबिरात तुमी रांगेत उभे होते तवा आमी कुठी होतो? शाळेच्या मांगं, डॉक्टरायसाठी पोहे करत होतो. दोन्ही खेपेले. अठ्ठ्याण्णवमधी बी पोहे, अन् आता बी पोहे."

"चांगले झालते," हरिदास पुटपुटला. बायकोनं नजर रोखताच त्यानं कागद ओढला आणि चौथी मागणी लिहिली, महिलांची तपासणी करण्यात यावी.

मोर्चा ठरला पुलगावच्या सरकारी दवाखान्यावर. हरिदासनं जुन्या सवयीनं एका वार्ताहराला फोन केला आणि लाइनच्या खरखरीत ओरडून सांगितलं, "बॉर्डरच्या प्रश्नावर मोर्चा आहे!" वार्ताहर शुद्ध मराठीचा अभिमानी होता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'नाचणगावात सीमाप्रश्न पेटला'.

त्यामुळे मोर्चाच्या दिवशी गावाच्या वेशीवर एक जीप उभी होती आणि जीपमध्ये नानाजी होते. नानाजी हे आजूबाजूच्या चार तालुक्यांत ओळखले जाणारे पुढारी. निवडणूक जवळ होती, आणि मोर्चा दिसला की ते आपोआप पुढे येत. नेमकी मागणी काय, हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. मोर्चा निघाला. पुढे जीप, मागे एकेचाळीस पुरुष, आणि त्यांच्या मागे, मोजणाऱ्यांचा गोंधळ उडावा इतक्या बायका.

"आमची बॉर्डर, आमाले द्या!" हिरालालच्या आवाजाला त्या दिवशी खरं काम मिळालं.

"आमचं बी रगत, तपासलंच पाह्यजे!" मागून जिजाबाई.

दवाखान्यापुढे नानाजी जीपच्या बॉनेटवर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो! सीमाभागातल्या आपल्या बांधवांवर पन्नास वर्षं अन्याय होत आहे! बेळगाव आपलं आहे! कारवार आपलं आहे! निपाणी आपली आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बोलणं जोरात होतं. बाबाराव शेजारच्याला म्हणाले, "बेळगावले शुगर कितीची धरते, ते सांगतीन आता."

"ही सीमा आम्ही मानत नाही!"

"नाई मानत!" एकेचाळीस पुरुष गरजले. इथपर्यंत सगळं जुळत होतं.

"सारा महाराष्ट्र एक आहे!" नानाजी म्हणाले, आणि तिथे गाडी घसरली. वर्धा जिल्ह्यात हे वाक्य सांभाळून बोलावं लागतं. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी वेगळा विदर्भ द्या!" लगेच अर्ध्या मोर्चानं "वेगळा विदर्भ, झालाच पाहिजे" सुरू केलं, उरलेल्या अर्ध्यानं "एकशे दहा, एकशे दहा" लावून धरलं, आणि बायकांचं "रगत, रगत" मधूनमधून ऐकू येत राहिलं. आतून वैद्यकीय अधिकारी गळ्यात स्टेथोस्कोप तसाच अडकवून धावत बाहेर आले. रक्त म्हटल्यावर त्यांना वाटलं अपघात झाला.

नानाजींनी हिरालालला जवळ बोलावून कानात विचारलं, "शेठ, हे नेमकं कशासाठी आहे?"

"शुगर," हिरालाल म्हणाला.

"कारखान्याची?"

"बोटातली."

नानाजी बॉनेटवरून उतरले, आणखी एका मोर्चाला जायचं आहे म्हणाले, आणि जीप वळवून गेले.

अधिकारी भला माणूस होता. त्यांनी सगळ्यांना आत व्हरांड्यात घेतलं आणि निवेदन तीनदा वाचलं. "ही रेषा माझ्या हातात नाही हो," ते म्हणाले.

"मंग कोणाच्या हातात हाये?"

"ती वरून येते."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता आणि तो बंद होता.

शेवटी अधिकाऱ्यांनी निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारून सही केली. हरिदासचा चेहरा उजळला. त्याच्या मते पोच मिळणं म्हणजे लढा जिंकणंच. पुरुष मंडळी समाधानानं चहाच्या टपरीकडे वळली. बायका मात्र फाटकातच खाली बसल्या.

"उठा आता, झालं," हिरालाल म्हणाला.

"तुमचं झालं," कौशल्याबाई म्हणाली. "आमाले तारीख पाह्यजे."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ फोन लावले. मग बाहेर येऊन म्हणाले, "येत्या बुधवारी. ट्रस्टची गाडी येईल. फक्त बायकांसाठी." तेव्हा कुठे बायका उठल्या.

मधल्या काळात पेपरात फोटो छापून आला. त्यात नानाजींचे पाय आणि हिरालालचं पूर्ण तोंड होतं, उघडं. दोन दिवसांनी हिंगणघाटच्या बसमधून योगेंद्रचे वडील उतरले आणि सरळ ओट्यावर येऊन बसले. मध्यस्थ सोबत नव्हता. हिरालालला वाटलं, नकार द्यायला आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माझी एकशे सात आहे."

"काय म्हणता!"

"घरी सांगितलं नाही. पोराचं लग्न व्हायचं आहे, लोक काय म्हणतील? तुमचा फोटो पाहिला आणि वाटलं, हा माणूस चौकात ओरडून सांगतो, आणि मी एकशे सात खिशात लपवून फिरतो." मग आणखी हळू आवाजात, "समितीत बाहेरगावचे चालतात का?"

हिरालालनं त्यांना मिठी मारली. कुलपातला गोरसपाक पाहुण्यांसाठी निघाला, आणि पाहुण्यांबरोबर बसल्यामुळे दोन तुकडे त्यालाही मिळाले. मयुरीनं चहा आणला. होणाऱ्या सासऱ्यानं तिला विचारलं, "बेटा, रागावलीस का?" ती म्हणाली, "थोडीशी." तेही रास्तच होतं.

बुधवार आला. बायका शाळेत रांगेत उभ्या होत्या आणि शाळेमागे पुरुष पोहे करत होते. हे जिजाबाईनं ठरवून टाकलं होतं. हरिदासनं मीठ एकदा घातलं, मग बाबारावांनी विचारलं मीठ घातलं काय, तर खात्री नव्हती म्हणून परत घातलं. हिरालाल कांदा चिरताना इतका रडला की येणारे-जाणारे थांबून विचारपूस करायला लागले.

कौशल्याबाई रांगेत शेवटी उभी राहिली. आपल्याला काय झालंय, पण बाकीच्यांना धीर यावा म्हणून. आचल मॅडमनं बोट टोचलं. आकडा पाहिला. दुसरं बोट मागितलं. परत आकडा पाहिला आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, तहान जास्त लागते का?"

"ऊन होतं नं यंदा."

"आता तर पावसाळाही संपला. थकवा येतो? रात्री लघवीला किती वेळा उठता?"

कौशल्याबाई बोटांवर मोजायला लागली. आकडा दोनशे सेहेचाळीस होता.

हिरालाल हातात झारा घेऊनच धावत आला. त्याला आधी वाटलं, ही कुठली तरी नवी रेषा असेल. "मॅडम, हे सरकलेलं तं नाई नं?"

"नाही, काका," ती म्हणाली. "ही कुठलीही रेषा धरली तरी पलीकडेच आहे. जुनी धरा, नवी धरा."

तो टेबलाशेजारच्या लहान मुलांच्या बाकावर बसला. सहा महिने ही बाई त्याच्यासाठी कारली चिरत होती, आणि स्वतः माठच्या माठ पाणी पीत होती. त्याच्या चहातून काढलेली साखर, वाया जाऊ नये म्हणून, तिनं आपल्या कपात घातली होती. हे त्यानं रोज समोर बसून पाहिलं होतं. एकशे चार, एकशे चार करत त्यानं सगळा जिल्हा हलवला, आणि घरात कुणी एक बोट टोचलं नव्हतं.

आचल मॅडम त्याच्याशेजारी येऊन बसली. "काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, मला विचारलं का म्हणून. मी घरी जाऊन खूप विचार केला. रेषा माणसंच आखतात, हे खरं आहे. त्यावर आमच्यातही भांडणं होतात. एकशे चार म्हणजे आजार नाही. जरा चाला, जरा कमी खा, एवढंच. पण पलीकडे आजार असतो, आणि तो खरा असतो."

"हिले गोळी लागन?"

"लागेल. आणि चालणं. रोज." ती थांबली. "आणि कुणाला सांगू नका, माझी स्वतःची एकशे तीन आहे."

हिरालालनं तिच्याकडे पाहिलं. "समितीत येता काय?"

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बसनं हिंगणघाटला गेला. लपवून लग्न करायचं नव्हतं. योगेंद्रच्या वडिलांनी दोनशे सेहेचाळीस हा आकडा ऐकला, थोडा वेळ पानाला चुना लावत राहिले आणि म्हणाले, "विहीणबाई तर आपल्या दोघांच्याही पुढे निघाल्या." आणि मग, "गोळी वेळेवर घेतात ना?" एवढंच.

लग्न दोन हजार पाचच्या वैशाखात झालं. समिती हळूहळू मिटली. रेषा काही हलली नाही, आणि पोच घेतलेलं निवेदन हरिदासनं तहसिलीतल्या सवयीनं अशा ठिकाणी जपून ठेवलं की पुन्हा सापडलं नाही. पण त्याला फिकीर नव्हती. तोवर त्यानं गावात नळाच्या पाण्याची दुसरी समिती काढली होती, आणि त्याची बीपी उतरली होती की तो मोजायचा विसरला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायकांचं मात्र मिटलं नाही. त्या बुधवारी आणखी सहाजणी शुगरवाल्या निघाल्या होत्या. आता दर पहाटे कौशल्याबाई, जिजाबाई आणि दहाबारा जणी पायात कॅनव्हासचे बूट, वरून नऊवारी नाहीतर सहावारी, अशा पुलगावच्या रस्त्यानं रेल्वे फाटकापर्यंत चालत जायच्या. सुरुवातीला ओट्यावरून हसणारे होते. आठ दिवसांत हसून झालं. हिरालाल मागून यायचा, त्याचा विजयसारचा पेला आणि बायकोची गोळी घेऊन, धापा टाकत.

एकदा ते पोचले तर फाटक बंद. मालगाडी यायची होती. हिरालालला बरं वाटलं. तो दगडावर टेकला. बायका थांबल्या नाहीत. आचल मॅडमनं सांगितलं होतं, अर्धा तास थांबायचं नाही, म्हणून त्या बंद फाटकापुढे जागच्या जागी पाय उचलायला लागल्या. ट्रकवाले खाली वाकून पाहायला लागले. फाटकवाला झेंडी हातात घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

"अवो, बसले काऊन?" कौशल्याबाई पाय आपटत म्हणाली. "उठा."

"पुढं रस्ताच नाई तं कुठी चालू?"

"इथंच चाला."

हिरालाल उठला. आपल्या अवाढव्य देहासकट तो त्या बारा बायकांच्या रांगेत शिरला आणि एक-दोन, एक-दोन पाय उचलू लागला. मालगाडी आली. डबे मोजावे तर संपेनात. इंजिनातल्या ड्रायव्हरनं हे दृश्य पाहिलं आणि कारण नसताना लांबलचक शिट्टी दिली, आणि बायकांनी चालता चालताच त्याला हात केले.